लॅपटॉपची स्क्रीन नेमकी कोणाची आहे, हे कसे शोधावे

झाकणावर डेल, एचपी, लेनोवो यांपैकी कोणाचेही नाव असो, आतली स्क्रीन त्यांच्या कारखान्यात बनत नाही. चीनच्या बीओई आणि सीएसओटी, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स, कोरियाच्या एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले अशा मोजक्या कंपन्या ही स्क्रीन, म्हणजे पॅनेल, बनवतात आणि बाकीचे सगळे त्यांच्याकडून विकत घेतात. दुकानात दहा ब्रँडची चुरस दिसते, पण स्क्रीनपुरती खरी स्पर्धा या मूठभर कंपन्यांतच असते. ती थांबली की भुर्दंड आपल्याला पडतो. २००१ ते २००६ या काळात काही पॅनेल कंपन्यांनी तैपेईतल्या हॉटेलांत गुपचूप बैठका घेऊन भाव ठरवले. त्याबद्दल २००८ मध्ये एलजी डिस्प्लेने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४० कोटी डॉलर दंड भरायचे मान्य केले.

म्हणून ब्रँडच्या नावावर न थांबता पॅनेलपर्यंत पोहोचायला शिका.

१. घेण्याआधी तपशिलाचा कागद वाचा. ‘फुल एचडी, अँटी-ग्लेअर’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांच्या व्याप्तीचे एक माप) लिहिले असेल, तर ती स्क्रीन एसआरजीबीतले, म्हणजे संगणक आणि वेबसाठी ठरलेल्या नेहमीच्या रंगसंचातले, दोन तृतीयांश रंगही दाखवत नाही, फोटो फिकट दिसतात. फोटो, डिझाइन किंवा व्हिडिओचे काम असेल तर जवळपास १०० टक्के एसआरजीबी आणि किमान ३०० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) प्रकाश असलेलेच मॉडेल घ्या. माझ्या मते प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, स्क्रीन नाही; ती दिवसभर डोळ्यांसमोर असते.

२. घरी आणल्यावर लगेच, परत करण्याची मुदत असतानाच, पॅनेल तपासा. एकाच मॉडेलसाठी कंपनी दोन-तीन ठिकाणांहून पॅनेल घेते, त्यामुळे तुमच्या मित्राच्या आणि तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन वेगळी निघू शकते. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘मॉनिटर्स’खालच्या नोंदीवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे एक सांकेतिक ओळ दिसेल. तिच्यातली तीन अक्षरे पाहा: बीओई, एयूओ आणि एलजीडी ओळखायला सोपे, सीएमएन म्हणजे इनोलक्स, एसडीसी म्हणजे सॅमसंग डिस्प्ले. बाहेरून जोडलेल्या मॉनिटरसाठी मात्र याचा उपयोग नाही. तिथे बहुधा ब्रँडचाच संकेत येतो.

३. स्क्रीन फुटली आणि बदलायची वेळ आली, तर ‘१५.६ इंची टाका’ एवढे सांगून लॅपटॉप सोडून येऊ नका. मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार लॅमिंग्टन रोड असो की गावातला दुरुस्तीवाला, जुने पॅनेल काढल्यावर त्याच्या पाठीवरचे लेबल स्वतः बघा आणि फोटो काढा. त्यावर पूर्ण भाग-क्रमांक असतो. त्यातले १५६ हे आकडे म्हणजे १५.६ इंच. बीओईच्या क्रमांकाची सुरुवात ‘एनव्ही’ असेल तर पॅनेल आयपीएस प्रकारचे, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणारे; ‘एनटी’ असेल तर टीएन, म्हणजे बाजूने पाहिले की रंग बदलणारे. दोन्ही एकाच मापाची मिळतात, म्हणून गल्लत होते. कनेक्टरही जुळवा: ३० पिनच्या जागी ४० पिनचे पॅनेल बसत नाही. नव्या पॅनेलचा क्रमांक बिलावर लिहून घ्या, मगच पैसे द्या.