ओमोरिका स्प्रूस बागेत कसा लावावा

1875 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ योसिफ पान्चिच यांना पश्चिम सर्बियातील तारा पर्वतावर, झाओविने गावाजवळ, एक निराळा स्प्रूस, म्हणजे सुईसारख्या पानांचा सदाहरित वृक्ष, आढळला. तेथील लोक त्याला ओमोरिका म्हणत, आणि तेच नाव शास्त्रातही रूढ झाले. एके काळी युरोपात दूरवर पसरलेली ही जात आज द्रिना नदीच्या मधल्या टप्प्यालगतच्या, सर्बिया आणि बोस्नियातील चुनखडकाच्या उतारांवर तेवढी उरली असून ती संकटग्रस्त मानली जाते. निसर्गात इतके दुर्मीळ असूनही हे झाड बागेत मात्र फारसे आढेवेढे न घेता वाढते.

त्याची ओळख पटवण्यासाठी फांदी उलटी करून पाहावी. वरून गर्द हिरव्या दिसणाऱ्या चपट्या सुयांच्या खालच्या बाजूस दोन रुपेरी पट्टे असतात, आणि वारा सुटला की सारे झाड क्षणभर उजळते. फांद्या आधी खाली झुकून टोकाशी पुन्हा वर वळतात, त्यामुळे बर्फ त्यांवर साचत नाही. बागेत हे झाड साधारणपणे 15 ते 18 मीटर उंच होते, पण रुंदी बहुधा 4 ते 6 मीटरच राहते. जेथे इतर स्प्रूस मावत नाहीत, अशा अरुंद जागेसाठी माझी पहिली निवड हीच असेल.

हे थंड हवेचे झाड आहे. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते आणि उन्हाळा सौम्य असतो, अशाच प्रदेशात ते लावावे. उष्ण मैदानी भागात ते जगवण्याचा अट्टहास करू नये. पूर्ण किंवा बऱ्यापैकी ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा मिळाला, तर जमीन किंचित आम्ल असो वा चुनखडीची, त्याला चालते. मात्र पाणी साचणारी जागा, बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते अशा रस्त्याची कड आणि जुना बुंधा कुजत असलेली जमीन टाळावी, कारण अशा बुंध्यावरची मुळे कुजवणारी बुरशी या जातीला सहज गाठते.

लागवड शरद ऋतूच्या सुरुवातीस किंवा वसंतात नवे कोंब फुटण्यापूर्वी करावी. सर्वाधिक चुका येथेच होतात. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या खोडाभोवती बरेचदा जादा माती चढलेली असते. ती बोटांनी हळूहळू बाजूला करीत जावे, आणि जेथे खोड रुंदावून पहिली जाड मुळे बाहेर पडताना दिसतील, ती पातळी जमिनीच्या बरोबरीस किंवा किंचित वर राहील, असे रोप बसवावे. यासाठी खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दोन ते तीन पट रुंद असावा. मुळांच्या गोळ्याभोवतीचे गोणपाट आणि तार कापून काढावी, कुंडीत गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत किंवा छाटावीत. खड्डा त्याच मातीने भरावा. त्यात खत घातल्याने मुळांना बाहेर पसरण्याचे कारण उरत नाही. वर 5 ते 8 सेंटिमीटर जाडीचे सालीच्या तुकड्यांचे आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

पहिले दोन-तीन उन्हाळे, पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत मुरेल असे पाणी द्यावे. जमीन गोठण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी देणे तितकेच आवश्यक आहे, कारण सदाहरित सुयांतून हिवाळ्यातही बाष्प जात राहते आणि गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. मोठी झाडेही दीर्घ दुष्काळात वाळतात, हे ध्यानी ठेवावे.

छाटणी जवळजवळ करूच नये. सुया गळालेल्या जुन्या लाकडातून नवी फूट येत नाही, आणि खालच्या फांद्या काढल्या की झाडाचा डौल कायमचा जातो. दोन शेंडे स्पर्धा करू लागले, तर दुबळा शेंडा लहानपणीच काढावा. कोरड्या, उष्ण दिवसांत सुया तांबूस दिसू लागल्यास पांढरा कागद फांदीखाली धरून ती झटकावी. कागदावर बारीक ठिपके चालताना दिसले, तर ती कोळी कीड आहे असे समजून सुयांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि काही दिवसांनी कागद पुन्हा धरून पाहावा.