ट्रायल्स सायकलचा रिम ब्रेक चाक धरत नाही? पॅड मागवण्याआधी या चुका टाळा

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता सायकलवरून अडथळे पार करण्याचा खेळ. त्यात ब्रेकचं काम वेग कमी करणं हे नसतं. कठड्याच्या काठावर फक्त मागच्या चाकावर उभं राहताना एका बोटाने दाबलेल्या लिव्हरने चाक जागच्या जागी गच्च धरलं पाहिजे, पुढच्या दिशेने आणि मागच्या दिशेनेही. चाक इंचभर सरकलं तरी तोल जातो आणि माणूस पाठीवर पडतो. त्यामुळे रस्त्यावरच्या सायकलला पुरेसा वाटणारा ब्रेक इथे धोकादायक ठरतो.

हा लेख मॅगुरा कंपनीच्या एचएस 33 आणि त्याच घडणीच्या हायड्रॉलिक रिम ब्रेकबद्दल आहे. लिव्हर दाबली की पाइपातून तेल चाकाच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या सिलिंडरमध्ये जातं आणि त्यातले पिस्टन पॅड रिमवर दाबतात. ट्रायल्स फ्रेमवर हे सिलिंडर चार बोल्टांच्या माउंटवर बसतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ब्रेक कमी वाटला की लगेच नवे पॅड मागवणं. आधी दोष कुठल्या अर्ध्या भागात आहे ते ठरवा. सायकलच्या बाजूला उभे राहा, लिव्हर एका बोटाने दाबा आणि सायकल जोराने पुढे, मग मागे ढकला. लिव्हर कडक लागते पण रिम पॅडमधून सटकते, तर दोष पॅड आणि रिम यांच्यात आहे. लिव्हर मऊ लागते किंवा हँडलबारला टेकते, तर हवा, गळती किंवा फ्रेमचं फाकणं यांपैकी काहीतरी आहे. मऊ लिव्हरवर कितीही चांगले पॅड लावले तरी ते रिमवर पुरेसे दाबलेच जात नाहीत.

तिसरी शक्यता बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ट्रायल्समध्ये टायरमध्ये हवा कमी ठेवतात, त्यामुळे कधीकधी रिम पक्की धरलेली असते आणि टायरच रिमवर फिरतो. टायरपासून रिमपर्यंत खडूची एक सरळ रेघ मारा आणि थोडा वेळ सायकल चालवा. रेघ तुटलेली दिसली किंवा व्हॉल्व्ह तिरका झाला असेल तर ब्रेकला हात लावू नका, हवा थोडी वाढवा. ढकलताना ‘टक’ असा आवाज येऊन चाक किंचित हलत असेल तर सिलिंडर त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये फिरतोय का, स्पोक ढिले आहेत का, हबच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे का, हे बघा. पुढच्या चाकाच्या बाबतीत हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगही तपासा.

लिव्हर कडक, तरी चाक सटकतं

आधी रिमची बाजू बघा. ट्रायल्सच्या रिमवर अँगल ग्राइंडरने बारीक खाचा पाडलेल्या असतात आणि पॅडची पकड त्या खाचांवर अवलंबून असते. खाच चमकदार दिसायला लागली, नख फिरवल्यावर अडकेनासं झालं, की लोक लगेच पुन्हा ग्राइंड मारतात. थांबा. बऱ्याचदा खाचा झिजलेल्या नसतात, पॅडचा मळ बसून भरलेल्या असतात. तारेच्या ब्रशने घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग पुन्हा नख फिरवून ठरवा. रिम रॉकेलने किंवा डिझेलने पुसू नका, दोन्हींचा तेलकट थर मागे राहतो. चेनवर स्प्रे मारताना त्याचे तुषार मागच्या रिमवर उडतात, म्हणून तेल थेंबाथेंबाने घाला.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा झाला असेल तर 80 नंबरचा पॉलिश पेपर सपाट लादीवर ठेवून त्यावर पॅड घासा. पेपर हातात धरून घासला की पॅडचे कोपरे गोल होतात आणि टेकणारा भाग कमी होतो. पॅडमध्ये ॲल्युमिनियमचे कण रुतले असतील तर सुईने एकेक काढा, नाहीतर तेच कण खाचा घासून गुळगुळीत करतात. तेल प्यायलेला पॅड मात्र फेकून द्यावा. भाजून, उकळून तो परत येत नाही, आणि स्वच्छ केलेली रिम तो पुन्हा खराब करतो.

पॅड आणि रिम यांची जोडीही जमायला हवी. मॅगुराबरोबर येणारे साधे काळे पॅड गुळगुळीत रिमसाठी ठीक आहेत, ग्राइंड केलेल्या रिमवर ते भराभर झिजतात. त्या रिमसाठी ट्रायल्सचे खास पॅड घ्या, शक्यतो ॲल्युमिनियमच्या पाठीचे. प्लॅस्टिकची पाठ दाबाखाली वाकते आणि तो वाक लिव्हरमध्ये मऊपणा म्हणून जाणवतो. रिम गुळगुळीतच ठेवायची असेल तर डांबराचा खडा रिमवर दोन-चार ठिकाणी हलका टेकवतात आणि ब्रेक घासत चाक फिरवून पातळ थर पसरवतात. जाड थर लावला की गोळे होतात. पावसात हा उपाय टिकत नाही, आणि ग्राइंड केलेल्या रिमवर डांबर लावलं तर खाचाच बुजतात.

पॅड रिमला कसा टेकतो हे झिजेवरून कळतं. फक्त वरची किंवा खालची कड झिजली असेल तर पॅड वाकडा बसलाय. सिलिंडर क्लॅम्पमध्ये फिरवून आणि माउंटखाली पातळ वॉशर घालून तो असा बसवा, की पूर्ण पृष्ठभाग एकदम टेकेल. पॅड वर सरकला तर टायरची बाजू कापतो. खाली घसरला तर रिमच्या काठाखाली त्याला ओठ फुटतो, आणि तो ओठ अडकून पॅडला पूर्ण दाबू देत नाही. ओठ धारदार सुरीने कापा आणि पॅड वर घ्या. दोन्ही बाजूंना 1 ते 2 मिलिमीटर फट ठेवा. चाक आऊट असेल, म्हणजे डगमगत फिरत असेल, तर एवढी फट ठेवता येत नाही. आधी आऊट काढून घ्या.

ग्राइंड मारताना

इथे घाई केली तर रिमच जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

टायर, ट्यूब आणि रिम टेप काढा. पॅड व सिलिंडर लांब ठेवा. गॉगल आणि मास्क घाला, ॲल्युमिनियमचा कीस डोळ्यांत आणि छातीत जायला नको. 4 इंची ग्राइंडर पुरतो. लोखंडासाठीच्या साध्या डिस्कमध्ये ॲल्युमिनियम भरतं, ती तापते आणि फुटू शकते, म्हणून ॲल्युमिनियमसाठीची डिस्क वापरा. ग्राइंडरचा गार्ड काढू नका.

चाक स्टँडवर हळूहळू फिरवत डिस्कची कड रिमला क्षणभर टेकवा आणि उचला. खाच चाक फिरण्याच्या दिशेला आडवी किंवा किंचित तिरकी पडली पाहिजे. फिरण्याच्या दिशेनेच ओढलेली खाच पॅडला अडवत नाही, तो तिच्यातून सरकून जातो. खाचा उथळ आणि एकमेकींना लागून हव्यात. लांब लांब अंतरावर खोल खड्डे पाडणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे: पॅड फक्त खड्ड्यांच्या कडांवर टेकतो, त्या कडा त्याला खरवडून खातात आणि रिमची भिंत पातळ होते. रिमच्या सांध्यावर उंचवटा असेल तर तो कानशीने सपाट करून मगच पुढे जा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला लिव्हरला धक्का बसेल. दोन्ही बाजू सारख्याच करा.

झाल्यावर टोकं हलक्या हाताने कानशीने मोडा, ब्रश मारा, धुवा, अल्कोहोलने पुसा. नवे पॅड लावून ब्रेक हलका धरत थोडा वेळ सायकल ढकलत न्या. सुरुवातीला कीस निघतो, रिम आणि पॅड पुन्हा एकदा पुसा. ब्रेकवर पूर्ण भार टाकायचा तो त्यानंतर.

साध्या सायकलची पातळ रिम किंवा कार्बनची रिम कधीही ग्राइंड करू नका.

लिव्हर मऊ लागते तेव्हा

हवा आहे की फ्रेम फाकतेय? मोटारसायकलच्या सवयीने लोक लिव्हर पंप करून बघतात. एचएस 33 मध्ये तेलाची टाकी नसते, सगळी व्यवस्था बंद असते, म्हणून पंप करून काही कळत नाही. व्हर्नियर कॅलिपरने दोन माउंटमधलं अंतर मोजा, मग दुसऱ्याला लिव्हर पूर्ण दाबायला सांगून पुन्हा मोजा. अंतर वाढलं, तर पॅड रिमवर दाबण्याऐवजी तुमची ताकद फ्रेम फाकवण्यात जातेय. त्यावर उपाय म्हणजे बूस्टर, म्हणजे दोन्ही माउंटना चाकावरून जोडणारी कमानीसारखी जाड पट्टी. ती बसवताना बोल्टांची भोकं आपसूक जुळली पाहिजेत. फ्रेम दाबून किंवा ताणून बोल्ट घुसवले तर सिलिंडर कायमचे वाकडे बसतात.

अंतर वाढत नसेल तर हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे तेल ढकलून आतली हवा बाहेर काढा. मॅगुराचंच मिनरल ऑइल मागवा. आपल्याकडे गावोगावच्या मोटारसायकल गॅरेजमध्ये डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल सहज मिळतं आणि मेकॅनिक तेच भरून देईल. ते घालू नका, या ब्रेकचे सील त्याने फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. पाणी पातळ असल्यामुळे लिव्हर हलकी चालते, म्हणून काही जण तेलाऐवजी पाणी भरतात. पाण्याने आतले धातूचे भाग गंजतात आणि थंड प्रदेशात ते गोठतं. नीट ब्लीड केलेलं तेल पुरेसं असतं, हे माझं ठाम मत आहे.

चाक आणि पॅड काढा. लिव्हरवरचा पॅड पुढे आणणारा स्क्रू पूर्ण बाहेर घ्या. तो आत ठेवून ब्लीड करणं ही नेहमीची चूक आहे, त्याने नंतर समायोजनाला जागाच उरत नाही. पिस्टन पूर्ण आत ढकला. सायकल उभी करून लिव्हरचं ब्लीडचं तोंड सगळ्यात वर येईल असं बघा आणि तिथे दट्ट्या काढलेली मोकळी सिरिंज लावा. तेल भरलेल्या सिरिंजमधली हवा काढून ती सिलिंडरच्या ब्लीडच्या तोंडाला जोडा. तेल हळू ढकला, थोडं मागे ओढा, पुन्हा ढकला. मधूनमधून सिलिंडर, पाइप आणि लिव्हर यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. दोन सिलिंडरना जोडणाऱ्या छोट्या पाइपात हवा हमखास लपते. वर बुडबुडे यायचे थांबले की आधी लिव्हरचं तोंड बंद करा, मग खालची सिरिंज काढून पटकन स्क्रू लावा. वरचं तोंड बंद असल्यामुळे खालून तेल वाहून जात नाही. ब्लीड स्क्रूला 4 न्यूटन मीटर पुरतात. जोर लावला की आटे जातात, नव्या लिव्हरच्या प्लॅस्टिक बॉडीत तर फारच लवकर.

ब्लीड करूनही काही दिवसांत लिव्हर पुन्हा मऊ झाली तर गळती शोधा. पाइपाच्या प्रत्येक नटाभोवती टिश्यू गुंडाळा आणि लिव्हर घट्ट दाबून धरा, डाग पडेल तिथे गळतंय. पाइप कापून आखूड केला असेल तर नटाखालची जुनी रिंग पुन्हा वापरू नका.

लिव्हरची जागाही बघून घ्या. ती ग्रिपला चिकटवून लावली की बोट पात्याच्या मध्यावर पडतं आणि तरफेचा फायदा कमी होतो. लिव्हर आतल्या बाजूला इतकी सरकवा, की तर्जनी पात्याच्या टोकाच्या वळणात बसेल.

रिमची भिंत दर महिन्याला बोटाने चाचपा. बाजू आत खोलगट लागली, काठ बाहेर झुकलेला दिसला किंवा बारीक तडा आढळला, तर ती रिम ग्राइंडच्या पलीकडे गेली आहे. टायरमधल्या हवेच्या दाबाने ती फाटण्याआधी बदला.