स्ट्रट बार आणि स्वे बार निवडताना या चुका टाळा

कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले आणि वाघबीळाचा चढ सुरू झाला, की आपली गाडी वळणावर किती झुकते हे प्रथमच जाणवते. तिथून परतल्यावर बहुतेक जण बाजारात जाड स्वे बार आणि बॉनेटखाली आडवा लावायचा रंगीत स्ट्रट बार शोधू लागतात. या शोधातली पहिली चूक तक्रार ओळखण्यातच होते. वळणावर गाडी झुकणे आणि वळणावर गाडी सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वे बार झुकणे कमी करतो हे खरे, पण तो टायरची पकड वाढवत नाही. ती पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये वेगळ्या प्रमाणात वाटून देतो, एवढेच.

हे थोडे सविस्तर पाहू. स्वे बार, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात तो, डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा पोलादी गज असतो. दोन्ही चाके एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर तो बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी गुटक्यांमध्ये, नुसता फिरतो आणि काहीही करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, की तो पिळला जातो आणि विरोध करतो. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरते. बार त्यात फारसा फरक करू शकत नाही. त्या भारापैकी पुढच्या जोडीने किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, एवढेच तो ठरवतो. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे ज्या जोडीवर हा सरकता भार अधिक येतो, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केला तर नाक बाहेर जाऊ लागते, म्हणजे अंडरस्टीअर वाढतो. मागचा जाड केला तर शेपूट बाहेर यायची शक्यता वाढते, म्हणजे गाडी ओव्हरस्टीअरकडे झुकते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझी पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, मुळातच अंडरस्टीअरकडे कललेली. तिला मी पुढचाच जाड बार बसवून घेतला, कारण दुकानदाराकडे तोच शिल्लक होता आणि मला धीर नव्हता. आठवडाभर मी खूश होतो, कारण गाडी ताठ राहत होती. मग पहिला पाऊस आला, आणि पन्हाळ्याच्या उतारावरच्या एका साध्या वळणावर स्टेअरिंग फिरवलेले असतानाही नाक सरळ गटाराच्या दिशेने निघाले. वेग बेताचा होता म्हणून निभावले. बारात कसलाही दोष नव्हता, दोष माझ्या निवडीचा होता. अशा गाडीला बहुधा मागच्या बाजूला थोडी ताठरता लागते, आणि तीही थोडीच.

‘दोनच मिलिमीटर जाड’ या शब्दांवर जाऊ नका

भरीव बारची पिळाविरुद्धची ताठरता त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून 22 मिमीच्या जागी 24 मिमीचा बार बसवला तर ताठरता सुमारे 42 टक्क्यांनी वाढते, आणि 26 मिमीचा बसवला तर ती जवळजवळ दुप्पट होते. दोन मिलिमीटर हा आकडा डोळ्यांना किरकोळ वाटतो, चाकांना वाटत नाही. पोकळ बार म्हटले की काही जण नाक मुरडतात, तेही बरोबर नाही. बाहेरून 26 मिमी आणि 4 मिमी जाडीच्या भिंतीचा पोकळ बार 24 मिमीच्या भरीव बारपेक्षा किंचित अधिकच ताठ असतो, आणि त्याचे वजन मात्र सुमारे साठ टक्केच भरते. त्यामुळे केवळ बाहेरचा व्यास विचारून दोन बारांची तुलना करता येत नाही. भरीव की पोकळ, भिंत किती आणि बारच्या हाताची, म्हणजे वळवलेल्या टोकाची, लांबी किती, हेही विचारावे लागते. बारच्या टोकाला दोन-तीन भोके असतील तर आतले भोक वापरल्याने हात आखूड होतो आणि बार ताठ होतो. 200 मिमीचा हात 180 मिमीवर आणला तर ढोबळमानाने 23 टक्क्यांचा फरक पडतो. नवा बार नेहमी सर्वांत मऊ भोकापासून सुरू करावा.

आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांच्या मागे स्वतंत्र सस्पेन्शन नसून टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एक आडवी तुळई, असते. हा बीम स्वतःच पिळून स्वे बारचे काम करतो, आणि त्याला जोडायचा बार वेगळ्या घडणीचा असतो. दुसऱ्या मॉडेलचा बार ‘बसतोय की’ म्हणून ठोकून बसवू नये.

इथे कोल्हापूरचा खास मोह सांगायलाच हवा. उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथ, वेल्डिंग आणि ओतकाम यांतले काय होत नाही? नमुना दिला की कारागीर संध्याकाळपर्यंत हुबेहूब बार वाकवून देईल. पण साध्या पोलादाचा आणि स्प्रिंग स्टीलचा लवचिकतेचा गुणांक जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे साध्या गजाचा बार पहिल्या दिवशी अगदी अस्सल बारसारखाच ताठ वाटतो. फरक नंतर दिसतो. साधे पोलाद लवकर कायमचे पिळले जाते, वारंवारच्या ताणाने थकते, आणि टोकाला वेल्ड केलेली पट्टी असेल तर चीर बहुधा तिथूनच सुरू होते. स्ट्रट बारचे ब्रॅकेट स्थानिक कारागिराकडून करून घेण्यास माझी हरकत नाही. स्वे बारला मात्र आहे.

स्ट्रट बारकडून काय अपेक्षा ठेवावी

स्ट्रट म्हणजे चाकावरचा स्प्रिंग आणि शॉकअब्झॉर्बर यांचा एकत्र उभा खांब. स्ट्रट बार पुढच्या दोन्ही स्ट्रटच्या माथ्यांना एकमेकांशी जोडतो. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये, जिथे चाकाला वरून हा स्ट्रटच धरतो, वळणाचा जोर काही अंशी थेट या माथ्यांवर येतो, म्हणून तिथे त्याचा काही उपयोग होतो. चाकाला वर-खाली दोन आर्म धरतात त्या डबल विशबोनच्या गाडीत तो त्याहून कमी होतो. माझे प्रामाणिक मत असे, की नव्या, घट्ट बॉडीच्या घरगुती गाडीत पुढचा स्ट्रट बार बॉनेट उघडल्यावर जितका दिसतो तितका स्टेअरिंगवर जाणवत नाही. घ्यायचाच असेल तर सरळ नळीचा घ्यावा. इंजिनवरून कमान करून नेलेला बार ताणाखाली आधी स्वतः वाकतो आणि मग जोर पेलतो. त्यात टोकांना खेळते सांधे असतील तर उरलेला फायदाही कमी होतो. ॲल्युमिनिअमचा बार हलका असतो, पण त्या धातूची ताठरता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असल्याने तो तेवढाच जाड असून चालत नाही.

बार घेण्यापूर्वी बॉनेटखाली जागा किती आहे हे पाहण्याचा घरगुती उपाय आहे. बार जागेवर नुसता ठेवावा, त्याच्या सर्वांत उंच भागावर आणि इंजिनच्या झाकणाजवळ मळलेल्या कणकेचे लहान गोळे चिकटवावेत, बॉनेट हलक्या हाताने पूर्ण लावावे आणि पुन्हा उघडावे. दबलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे उरलेली जागा. इंजिन माउंटिंगवर हलते हे लक्षात घेऊन इंजिनच्या बाजूला एका बोटाची तरी मोकळीक असावी.

बसवताना चारही चाके सपाट जमिनीवर हवीत. जॅकवर गाडी उचलून माथ्याचे नट काढले तर स्ट्रट खाली उतरतो आणि मापेच बदलतात. मधला मोठा नट मात्र कधीही सैल करू नये, कारण त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. ब्रॅकेटच्या जाडीमुळे स्टडचे आटे अपुरे पडतात. नट आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसले नाहीत तर तो बार त्या गाडीसाठी नाही. लांबी कमी-जास्त करता येणारा बार असेल तर माथे ओढून किंवा ढकलून ताण द्यायची गरज नसते. तो सहज बसेल तेवढाच ठेवावा.

आवाज, ओढ आणि इतर तक्रारी

स्वे बारचा लिंक रॉड, म्हणजे बारचे टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी, हाही गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच आवळावा. एक बाजू जॅकवर लोंबकळत असताना आवळला तर बार सरळ रस्त्यावरही पिळलेला राहतो, आणि डावीकडच्या व उजवीकडच्या वळणावर गाडी वेगवेगळी वागते. उंची कमी केलेल्या गाडीत मूळ लिंक रॉड लांब पडतो. तिथे कमी-जास्त करता येणारा लागतो. करकर आवाज येत असेल तर पॉलियुरेथेन बुश कोरडे पडलेले असतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे, साधे नाही. कमी वेगात बारीक खड्ड्यांवर खटखट येत असेल तर संशय लिंक रॉडच्या बॉल जॉइंटवर घ्यावा. खात्री करायची असल्यास दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडून, बार तारेने नीट बांधून, मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने गाडी फिरवावी. आवाज थांबला तर दोष बारच्या भागातच आहे. थांबला नाही तर लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे वरचे माउंटिंग आणि शॉकअब्झॉर्बर पाहावेत.

खरे तर हे भाग बार घेण्यापूर्वीच पाहायचे असतात. टायरमधली हवा, झिजलेले टायर, फाटलेले बुश आणि बिघडलेले अलाइनमेंट यांनी सुस्त झालेल्या गाडीला जाड बार बसवणे म्हणजे गळक्या छपराला रंग देण्यासारखे आहे. ऊसाच्या हंगामात तर हे अधिकच जाणवते. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल आणि रस्त्याची एकच कडा खचलेली, अशा ठिकाणी एक चाक खड्ड्यात गेले की ताठ बार तो धक्का दुसऱ्या चाकाकडेही पोहोचवतो आणि गाडी डोके हलवल्यासारखी दोन्हीकडे डोलते. गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात नेहमी जाणाऱ्यांनी मागचा फार ताठ बार टाळावा, कारण ओल्या उतारावर पाय अचानक ॲक्सिलरेटरवरून काढला की भार पुढे जातो आणि शेपूट फारशी सूचना न देता सुटते.

मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 वाहनातील बदलांविषयी आहे, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करता येत नाही, अशी भूमिका घेतली. म्हणून विमा कंपनीला लेखी विचारावे, वॉरंटीतील गाडी असेल तर शोरूमलाही विचारावे, आणि काढलेला मूळ बार भंगारात न देता बुश-क्लॅम्पसह घरी ठेवावा. नवा बार बसवल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सर्व नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत. आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्यावेत, मिस्त्रीच्या मनगटातले नव्हे.