शेवटच्या तीन महिन्यांत नवीन काही सुरू करू नका

आफ्रिकेतल्या मलावी देशात, न्चेऊ जिल्ह्यात मी दोन वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामावर स्वयंसेवक होतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुदत संपली. असं काम करायला निघालेली मंडळी मला पहिल्या महिन्याबद्दल भरपूर विचारतात: लस कोणती, भाषा किती शिकायची, राहायचं कुठे. शेवटच्या महिन्यांबद्दल कुणी विचारत नाही, आणि माझी खरी त्रेधा तिथेच उडाली.

सप्टेंबर लागला आणि गावोगावचे लोक भेटायला येऊ लागले. ‘तुम्ही जाणार ना, मग त्याआधी आमचं एक बोअर होऊन जाऊ दे.’ तिथे एका हातपंपामागे २५० माणसं असा निकष आहे, आणि समोरच्या गावात त्याच्या दुपटीहून जास्त लोक एकाच पंपावर. नाही म्हणवत नाही. मी दोन गावांना हो म्हणून बसलो. एकाचं काम झालं. दुसऱ्याची जागा ठरेपर्यंत नोव्हेंबरचा पाऊस आला, रस्ता चिखलात गेला आणि बोअरची गाडी पोचलीच नाही. त्या गावाला मी शब्द दिला होता, आणि तो निस्तरायला मागे राहिला माझा मलावियन सहकारी.

म्हणून सांगतो, शेवटचे तीन महिने फक्त हात काढून घ्यायला ठेवा. ते बोलायला सोपं आहे. तिथे बहुतेक गावांत अफ्रिदेव नावाचा हातपंप असतो. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात तो घडला तोच मुळी गावकऱ्यांना स्वतः दुरुस्त करता यावा म्हणून. पंपाच्या आतल्या सळया एकमेकींत आकड्याने अडकवलेल्या, बहुतेक काम एका पान्यावर. तरी दोन वर्षं पाना माझ्याच पिशवीत, आणि पंप बिघडला की मीच पुढे!

ऑक्टोबरात एका पंपाला कितीही दांडा मारला तरी पाणी बारीकच येई. सील झिजलं होतं, उघडच होतं. मी पाना गावच्या पाणी समितीच्या अध्यक्ष मायींच्या (तिथे बाईंना मायी म्हणतात) हातात दिला आणि झाडाखाली जाऊन बसलो. बायकांनी सळया उपसल्या, दट्ट्या वर काढला, नवं रबरी सील चढवलं, पण उलटं. त्याची उघडी बाजू वर हवी. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. जीभ चावून गप्प राहिलो. सगळं परत खाली गेलं, दांडा मारला, पाणी नाही. मग पुन्हा उपसाउपशी, जुन्या सीलशी ताडून पाहणं, एकमेकींवर ओरडणं. मी केलं असतं तर तासाभरात उरकलं असतं. त्या दिवशी अख्खी सकाळ गेली. पण सील कसं बसवायचं हे त्या बायकांना आता मला विचारावं लागणार नाही.

पैशाचं मात्र मला जमलं नाही. सुट्या भागांचे दर घेऊन समित्यांची वर्षाची वर्गणी ठरवली, आणि नोव्हेंबरमध्ये क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन झालं. डॉलर सुमारे १,१८० वरून एकदम १,७०० क्वाचावर गेला. बाहेरून येणारे भाग महागणार हे उघड होतं. जाता जाता सगळ्या बैठका पुन्हा घ्याव्या लागल्या. हिशोब आधीच गावाच्या वहीत, गावाच्या हस्ताक्षरात असता तर माझ्यावाचून काही अडलं नसतं. जिल्हा कार्यालयाचंही तसंच. तिथलं आर्थिक वर्ष आता एप्रिलला सुरू होतं. पुढच्या अंदाजपत्रकात काही घालायचं असेल तर आदल्या डिसेंबरअखेरपर्यंत त्यांच्या टेबलावर कागद हवा. निरोप समारंभात विषय काढून उपयोग नाही.

बाकी किरकोळ. अनुभवाचं प्रमाणपत्र तिथे असतानाच सहीसकट घ्या, नंतर नुसते ईमेल करत बसाल. उरलेले क्वाचा तिथेच संपवा, बाहेर सहसा कुणी घेत नाही. मलेरियाची प्रतिबंधक गोळी विमानात बसलात म्हणून थांबवू नका. डॉक्सीसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर कुठून आलात हे डॉक्टरांना आधी सांगा.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग आवरताना तळाशी तो पाना निघाला. ऑक्टोबरात सवयीने परत पिशवीत टाकला होता. मोटारसायकल काढून तो द्यायला मायींकडे गेलो. त्यांनी घरातून वही आणून दाखवली. समितीने तीन आठवड्यांपूर्वीच बाजारातून पाना घेतला होता, किमतीसकट नोंद होती.