सेफ्टी मायक्रोकंट्रोलर वापरताय? या चुका टाळा

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या बेंचवर एका ई-रिक्षाचा मोटर कंट्रोलर तपासत होतो. त्यात सेफ्टी मायक्रोकंट्रोलर होता, म्हणजे स्वतःचा बिघाड स्वतः ओळखू शकणारी चिप. कोड कुठेतरी अडकला, थ्रॉटल सोडला, तरी मोटर फिरतच राहिली. चाक स्टँडवर उचललेलं होतं म्हणून निभावलं. वॉचडॉग, म्हणजे कोडकडून वेळेत ‘जिवंत आहे’ असा इशारा (किक) आला नाही तर चिप रीसेट करणारा टायमर, चालू होता. पण त्याला किक टायमर इंटरप्टमधून, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या वेगळ्या कोडमधून, मिळत होती. मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट इमानेइतबारे येतच राहतो, मग वॉचडॉगला कळणार कसं?

सगळ्यात आधी हेच तपासा. थ्रॉटल वाचणं, करंट मोजणं, पीडब्ल्यूएम (मोटरला किती पॉवर द्यायची ते ठरवणारे पल्स) ठरवणं, प्रत्येक कामाने आपली हजेरी लावावी आणि सगळ्यांची हजेरी पडली तरच एकाच ठिकाणाहून किक जावी. जमलं तर विंडो वॉचडॉग घ्या. उशिरा आलेली किक जशी तो पकडतो, तशी वेळेआधी आलेलीही.

दुसरा गैरसमज लॉकस्टेपचा. टीएमएस५७० या सेफ्टी मायक्रोकंट्रोलरमध्ये दोन कॉर्टेक्स-आर कोर (प्रोसेसर) तोच कोड चालवतात, दुसरा थोडा मागून, आणि निकाल जुळले नाहीत की चिप एरर देते. यात हार्डवेअरचा बिघाड सापडतो. तुमच्या कोडमधला बग सापडत नाही, कारण दोन्ही कोर तीच चूक एकसारखी करतात.

नवा बोर्ड पॉवर देताक्षणी एरर दाखवू लागला की पोट्टे चिपवर खापर फोडतात. बहुतेक वेळा दोष स्टार्टअप कोडचा असतो. पॉवर येताना दोन्ही कोरच्या रजिस्टरमध्ये (कोरच्या आतल्या छोट्या मेमरीत) वेगवेगळा कचरा असू शकतो; तो स्टॅकवर, म्हणजे रॅममध्ये, गेला की तुलना फसते. म्हणून पहिल्याच ओळींत सगळ्या रजिस्टरना ठरावीक किंमत द्या. रॅमचंही तसंच: आधी पूर्ण इनिशियलाइझ करा, नाहीतर पहिल्या वाचनालाच ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडणारी यंत्रणा) ओरडेल.

चिप बिघाड कळवते त्या एरर पिनला नुसता एलईडी जोडलेले बोर्ड मी पाहिलेत. सीटखालच्या डब्यात तो एलईडी बघणार कोण? ती पिन गेट ड्रायव्हरच्या (मोटरचे पॉवर स्विच चालवणाऱ्या चिपच्या) इनेबलपर्यंत न्या, म्हणजे सॉफ्टवेअर गप्प पडलं तरी मोटरचा करंट तुटेल.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, बंद डब्यात त्याहून कितीतरी जास्त. एईसी-क्यू१०० (गाड्यांमधल्या चिपसाठीचं चाचणी मानक) ग्रेड १ ची चिप १२५ अंशांपर्यंत चालते, पण शेजारचा स्वस्त कपॅसिटर ८५ चा असला तर सप्लाय डगमगेल. दोन्ही कोर त्याच सप्लायवर असतात, तेव्हा व्होल्टेजवर नजर ठेवणारी वेगळी चिप हवीच.

डेटाशीटवर एसिल-डी (गाड्यांच्या सुरक्षेची सगळ्यात कडक पातळी) लिहिलंय म्हणून तुमचा कंट्रोलर एसिल-डी होत नाही. चिपचं सेफ्टी मॅन्युअल वाचा. तुम्ही काय काय करायचं हे त्यात लिहिलेलं असतं.

आणि माल देण्याआधी मुद्दाम बिघाड करून बघा. कोडमध्ये अनंत लूप टाका, एरर पिन ग्राउंडला लावा, आणि गेट बंद व्हायला किती मिलिसेकंद लागले ते ऑसिलोस्कोपवर मोजा. चाक स्टँडवर उचलूनच.