अमेरिकन शिल्पकारांचे, गॅलऱ्यांचे जुने कागद चाळताय? या चुका टाळा

अमेरिकन शिल्पकार, कलेक्टर (म्हणजे कलावस्तू जमवणारे संग्राहक) आणि गॅलऱ्यांचे जुने कागद हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. त्यावर काम करणारी मुलं ड्राफ्ट वाचायला पाठवतात ते मला आवडतंही, पण तेच तेच घोटाळे बघून आता जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात महागात पडणारा घोटाळा म्हणजे गॅलरीच्या वहीत कलेक्टरचं नाव दिसलं की "विकत घेतलं" असं लिहून मोकळं व्हायचं. अहो, आपल्याकडे सराफाकडून किंवा साडीवाल्याकडून माल जांगड नेतात ना, पसंत पडला तर पैसे नाहीतर माल परत, तसंच तिथेही चालायचं. गिऱ्हाईक मोठं असलं की ब्राँझ, म्हणजे ब्राँझचं शिल्प, त्याच्या घरी पाठवायचं, काही दिवस दिवाणखान्यात ठेवून बघू द्यायचं, आणि वहीत मात्र नाव, तारीख, किंमत सगळं चढलेलं असायचं. उलट बाजूनेही तसंच, शिल्पकाराकडून आलेला माल बऱ्याचदा गॅलरीच्या मालकीचा नसायचाच, विकला गेला तर कमिशन कापून पैसे द्यायचे. त्यात कधी दोन डीलर एकाच कामात भागीदार, कधी खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून सांकेतिक अक्षरांत लिहिलेली.

एका मुलाने अशाच एका वहीवरून अख्खा पेपर लिहिला होता, अमुक कलेक्टरने अमुक ब्राँझ घेतलं आणि तिथून त्याचा संग्रह कसा बदलला वगैरे. मी विचारलं, शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय? तर त्याच्याकडे शेवटचा रकानाच नव्हता! मोबाईलमध्ये अक्षरं मोठी दिसावीत म्हणून पानाची उजवी कड सोडून फोटो काढलेला. परत स्कॅन मागवला, तो यायला तीन आठवडे, आणि त्या रकान्यात परत आल्याची नोंद, पाठवल्यापासून जेमतेम महिनाभरातली. तोवर पेपर छापून झाला होता. म्हणून माझी सवय सांगते, विक्री झाली असं मी तेव्हाच मानते जेव्हा वहीतली नोंद, बिल आणि पत्र यातल्या निदान दोन गोष्टी जुळतात. आणि फोटो पानाच्या चारही कडा दिसतील असाच काढायचा, त्यात बॉक्स आणि फोल्डर नंबरची चिठ्ठीसुद्धा आली पाहिजे. "नंतर नावं देईन" म्हणून काढलेले चारशे फोटो माझ्याकडे अजून पडून आहेत, कुठल्या बॉक्समधले ते आता कोणीच सांगू शकत नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरा माझा ठरलेला विषय, नावं. काल्डर म्हटलं की सगळ्यांना तारेवर डोलणारी 'मोबाईल्स' नावाची शिल्पं आठवतात, पण अलेक्झांडर काल्डर नावाचे शिल्पकार एकाच घरात तीन पिढ्या झाले. आजोबा अलेक्झांडर मिल्न, फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवरचा विल्यम पेन त्यांचा. वडील अलेक्झांडर स्टर्लिंग, त्याच शहरातलं १९२४ चं स्वॉन कारंजं त्यांचं. आणि नातू, मोबाईल्सवाला, घरच्यांचा सँडी. १९२० च्या दशकात बापलेक दोघंही काम करत होते, त्यामुळे नुसतं "काल्डर" लिहिलेलं पत्र दिसलं की आधी पत्ता बघा, तारीख बघा, कोणाला लिहिलंय ते बघा. सर्चमध्ये नाव टाकून वरचा रिझल्ट उचलणाऱ्यांना हा धीर नसतो.

कामांच्या नावांचंही तेच. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सची डायना म्हणजे कुठली? १८९१ ची १८ फुटी, जी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मनोऱ्यावर फारच मोठी दिसली म्हणून उतरवली, की १८९३ ची १३ फुटी, जी आता फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे? शिवाय छोट्या प्रती निघाल्या त्या वेगळ्याच. शिल्पकार फ्रेडरिक रेमिंग्टनचं 'ब्रॉन्को बस्टर', उधळलेल्या घोड्यावरच्या स्वाराचं ब्राँझ, १८९५ चं, रेमिंग्टन गेला १९०९ मध्ये, पण बायकोच्या परवानगीने ओतकाम पुढेही चालू राहिलं, म्हणजे सालाशिवाय नुसतं "रेमिंग्टनचं ब्राँझ" म्हणण्याला अर्थच नाही. इथे फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या, वह्या उपयोगी पडतात. रोमन ब्राँझ वर्क्स या फाउंड्रीचे कागद टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या एमन कार्टर म्युझियममध्ये आहेत, शिल्पकाराच्या कागदांत त्यांची वाट बघत बसू नका.

अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, त्यामुळे अमेरिकन कागदात ३/४/१२ दिसलं तर ती सहसा ४ मार्च असते, ३ एप्रिल नाही. मी माझ्या टिपणवहीत महिना कायम अक्षरात लिहिते.

सगळं ऑनलाइन आहे असं समजू नका. स्मिथसोनियनच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये दोन कोटींच्या वर नग आहेत, स्कॅन झालेला भाग त्यातला थोडाच. आधी फाइंडिंग एड, म्हणजे कुठल्या बॉक्समध्ये काय आहे त्याची यादी, पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी.

पुस्तकातली तारीख तशीच उचलू नका. एडमोनिया लुईस ही आफ्रिकन-अमेरिकन आणि ओजिब्वे वंशाची शिल्पकार कधी आणि कुठे वारली याबद्दल कित्येक वर्षं चुकीचं छापून येत होतं, शेवटी लंडनच्या नोंदींत सापडलं की ती तिथे १९०७ मध्ये गेली.

कागद नाहीत म्हणजे घटना घडलीच नाही असंही नाही. १९०४ मध्ये सेंट-गॉडन्सचा न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निशचा स्टुडिओ जळाला, त्यात पत्रंही गेली. अशा वेळी त्याने ज्यांना पत्रं लिहिली त्यांचे कागद शोधायचे.

आणि हे खास आपल्याकडच्यांसाठी. वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये जॉन डी. रॉकफेलर थर्ड यांच्या फंडाच्या फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते, ते चित्रकार, पण चूक तीच होते. मुलं कलेच्या आर्काइव्हमध्ये "गायतोंडे" टाकतात, काही आलं नाही की सोडून देतात. पैसे ज्याने दिले त्याच्या फायली बघा ना! त्या फंडाचे कागद न्यूयॉर्क राज्यात स्लीपी हॉलोला रॉकफेलर आर्काइव्ह सेंटरमध्ये आहेत. जायच्या आधी तिथल्या आर्काइव्हिस्टला ईमेल करा, काय शोधताय ते दोन ओळींत नीट लिहा, आणि नावाची इंग्रजी स्पेलिंगं सुचतील तेवढी सगळी द्या.