खाऱ्या हवेत जुना हाय-फाय सेट कसा सांभाळायचा

आमचं घर मालवणजवळ, समुद्र चालत पाच मिनिटांवर, चिऱ्याचं आणि कौलारू. आमच्याकडे ॲम्प्लिफायर बोलेनासा झाला की "आयसी गेला" (आयसी म्हणजे आतली चिप) हे वाक्य आधी येतं, आणि मी तरी ते खूपदा खोटं ठरलेलं बघितलंय. हे सेट बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कोरडी खोली होती, रोज ऐकणारा माणूस होता. आपल्याकडे वारा खारा, त्यात चाकरमान्यांच्या घरातला सेट उघडणार मे महिन्यात नाहीतर गणपतीत. म्हणून दुकानात न्यायच्या आधी त्याच्या खोडी ओळखून घ्या.

माझ्या जुन्या जपानी ॲम्पचा डावा आवाज एका जुलैत गेला. एका दुकानात सांगितलं आउटपुट आयसी उडालाय, पार्ट मुंबईहून आणावा लागेल. मी तसाच परत आणला आणि रात्री मागे टॉर्च मारून बघत बसलो तर ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ लिहिलंय तिथे यू आकाराच्या दोन छोट्या सळ्या खोचलेल्या, एक चकचकीत आणि दुसरीला पितळेच्या समईला चढतो तसा हिरवा कळंक. त्या काळच्या बऱ्याच ॲम्पमध्ये आतले दोन भाग असे बाहेरून जोडलेले असतात, कोणाला मध्ये इक्वलायझर लावायचा असेल तर लावता यावा म्हणून, पण त्यामुळे सगळा आवाज त्या उघड्या सळीतून जातो, आणि तिला खारा वारा लागला की संपलं. सेट बंद करा, प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मग सळी हळूहळू फिरवत ओढा. खोडरबराने घासा, आयपीए म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा (मोबाईल रिपेअरवाल्यांकडे मिळतं), भोकंसुद्धा पुसा आणि परत बसवा. सेट चालू असताना ती सळी ओढायची नाही म्हणजे नाही, स्पीकरमधून असा मोठा घुंऽऽ येतो की कॉईल जळू शकते.

एक बाजू गेली असेल तर दोष कुठे आहे ते आधी शोधा. सीडी प्लेयरच्या डाव्या-उजव्या वायरी ॲम्पच्या मागे अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर प्लेयर किंवा वायर, जागेवरच राहिला तर ॲम्प किंवा स्पीकर, मग सेट बंद करून स्पीकरच्या वायरी बदलून बघा. आणि हळू आवाजात एक बाजू गायब, पण व्हॉल्युम वाढवला की फट्कन परत येते, असं होत असेल तर बहुतेक रिले किंवा स्पीकरचा स्विच काळा पडलाय. रिले म्हणजे चालू केल्यावर काही सेकंदांनी जो ‘टक्’ वाजतो तो.

आवाज अजिबातच नसेल तर ‘टेप मॉनिटर’चं बटण दाबलेलं आहे का बघा, खरंच आधी तेच बघा. ते दाबलं की ॲम्प टेपरेकॉर्डरच्या आवाजाची वाट बघत बसतो, आणि टेप तर कधीच काढून ठेवलेला असतो. स्पीकरचं बटण ‘ए+बी’वर असेल तरी काही मॉडेलमध्ये स्पीकरच्या दोन्ही जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लागतात, एकच जोडी लावलेली असली तर शुकशुकाट.

व्हॉल्युम फिरवताना खरखर येते ती आतल्या पट्टीवरच्या थरामुळे. सेट बंद ठेवून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, थोडे दिवस बरं वाटेल. कायमचं करायचं तर व्हॉल्युम कंट्रोलसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, गंजाचा स्प्रे किंवा शिवणयंत्राचं तेल मारू नका, धूळ चिकटून पुढच्या पावसात जास्त त्रास. नॉब जेमतेम घड्याळातल्या नऊच्या जागी नेला की कान फाटतात हीपण तक्रार ऐकतो मी. जुन्या ॲम्पला साधारण १५० मिलीव्होल्ट पुरतात आणि सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो, म्हणून तसं होतं. उरलेला नॉब म्हणजे शिल्लक ताकद असं समजून पुढे नेऊ नका. डॅक (डिजिटल आवाज ॲम्पला कळेल असा करून देणारा डबा) किंवा फोनचा आवाज थोडा उतरवा, म्हणजे नॉब मधल्या भागात येतो आणि दोन्ही बाजू सारख्या ऐकू येतात.

रेकॉर्ड प्लेयरच्या घुमण्याचं वेगळं. मी एकदा अभंगाची रेकॉर्ड लावली होती, सुई उचलली तरी तानपुरा चालूच! तो तानपुरा नव्हता, घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर, म्हणजे हम, होती. प्लेयरची बारीक अर्थची वायर ॲम्पच्या मागच्या स्क्रूला घट्ट आहे का बघा, स्क्रू कळंकलेला असेल तर घासा. मग डिशची वायर काढून बघा, हम गेला तर अर्थचा लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने होणारा फेरा, तिथून येतोय. चिऱ्याची जमीन पाणी धरत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओता. हम घालवायला कोणी तिसरी पिन काढायला सांगेल, ते ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत सेट धरा. स्पीकरच्या कोनाची कड बोटाने अगदी हलकेच दाबा, फोमची असेल आणि चिकट किंवा भुगा होत असेल तर नवीन कड लावेपर्यंत वाजवू नका, रबराची टिकते. पाली आत शिरतात त्यासाठी मच्छरदाणीची जाळी शेल्फच्या मागे लावा, ॲम्पच्या भोकांवर नको, त्याला श्वास घ्यायला वर मोकळी जागा लागते. वळवाचा कडकडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

पावसात सेट रोज तासभर तरी चालू ठेवा, आतल्या उबेने दमट हवा निघून जाते. घर बंद असेल तर किल्ली शेजारच्या काकूंकडे असतेच, त्यांना सांगा रविवारी येऊन तासभर रेडिओ लावा, आणि जाताना प्लग काढा.